साठ किलोची दुरुस्ती

बुधवार, ४ फेब्रुवारी

मामा,

झालं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी दहा वाजता तुझ्या दारातून गाडी घेऊन निघाले. तू ‘हळू जा’ असं तीन वेळा म्हणालास.

२. एकशे चाळीस किलोमीटर गाडी सरळ चालली. खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडे ‘ठक्’ असा आवाज येत होता. स्टिअरिंग दोन बोटं रिकामं फिरायचं, मग चाकांना कळायचं.

३. सोमवारी संध्याकाळी डिकी रिकामी केली. मामीचा वॉकर त्यात मावतो का ते पाहायचं होतं. मावतो. मागच्या उजव्या कोपऱ्यात तुझी वीस किलोची तीन लोखंडी वजनं पोत्यात गुंडाळलेली होती. तू विसरलेला दिसतोस. जिन्याखाली काढून ठेवली आहेत.

४. मंगळवारी सकाळी पावणेनऊला कारखान्यात जाताना चौकाअलीकडे ब्रेक दाबला. वेग चाळीस. स्टिअरिंग मी सरळ धरलं होतं. गाडी डावीकडे गेली.

५. डावीकडे रोपवाटिका आहे.

६. चार कुंड्या आणि गाडीचा डावा दिवा फुटला. जवळपास कोणी नव्हतं. मला काही झालेलं नाही.

७. रोपवाटिकेच्या बाईंनी आधी मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग त्या ओरडल्या. हा क्रम मला योग्य वाटला.

गाडी तिथेच उभी आहे. मी ती चालवणार नाही, शनिवारी ओढून गॅरेजला नेईन.

आता मुद्दा. मामीला इथल्या रुग्णालयातून २८ तारखेला सोडणार आहेत. हाडांच्या डॉक्टरांची अट अशी की प्रवास चालेल, हादरे चालणार नाहीत. मामीची अट तुला माहीत आहे. भाड्याच्या गाडीतून येणार नाही. ज्या गाडीतून घराबाहेर पडले त्याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसून घरी येईन. मी तिला दोनदा समजावून पाहिलं. ती म्हणाली, “तू मोठी झालीस म्हणून मला शिकवू नकोस, तुला सायकल मी शिकवलीय.” तेव्हा दोन्ही अटी एकाच गाडीत बसवायच्या आहेत आणि ती गाडी सध्या कुंड्यांवर चढते.

मला हे हवं आहे: गाडीचं पुढचं काम शेवटचं कधी झालं, काय बदललं, आणि हा ‘ठक्’ तुला केव्हापासून माहीत आहे.

— भाची

*

शनिवार, ७ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आकडे घालून लिहिलेलं पाहून आधी वाटलं पोलिसांकडून आलंय. सहावा आकडा वाचला आणि जीव भांड्यात पडला. बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या जागी मी असतो तर आधी ओरडलो असतो.

इकडे सगळी तयारी झाली. मामीच्या कॉटला चारही पायांखाली लाकडी ठोकळे दिले, उंची तू सांगितलीस तेवढीच, पाणसळ ठेवून तपासली. केसभर फरक नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि त्याला मी स्वतः लोंबकळून पाहिलं. शेजारी नेमका तेव्हाच आला. म्हणाला, “या वयात व्यायाम?” मी म्हटलं, “चाचणी.” तो गेला आणि गल्लीभर सांगून आला.

आता गाडीबद्दल. तुझं चुकलं कुठे सांगू? ती वजनं विसरलेली नव्हती. ती गाडीचीच आहेत. होती तिथे परत ठेव. मागचा उजवा कोपरा, अगदी आत टेकवून, तिन्ही. गाडी सरळ जाईल. मी जवळजवळ तीन आठवडे तशीच चालवली, एक कुंडी फुटली नाही.

मिस्त्रीकडे मात्र नेऊ नकोस. मिस्त्री लोक गाडी उघडतात आणि मग आत काय काय आहे ते आपल्याला दाखवत बसतात. सव्वीस वर्षांची गाडी आहे, तिचं सगळंच कशाला पाहायचं? माणसाचं तरी पाहतो का?

मामी कशी आहे? जेवते का? आणि त्या दिवसाबद्दल काही बोलते का? म्हणजे पडली त्या दिवसाबद्दल. सहज विचारतोय. तू तिला मुद्दाम विचारू नकोस.

चाळीस वर्षं मी अख्ख्या बाजाराचे काटे दुरुस्त केले, पण घर इतकं हलकं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ती आली की पुन्हा तोल येईल. हे तिला सांगू नकोस, वजनाचा विषय निघाला की ती चिडते. चाळीस वर्षांत एकदाही माझ्या काट्यावर चढली नाही.

— मामा

*

मंगळवार, १० फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र काल मिळालं. गाडी त्याआधीच शनिवारी गॅरेजला पोचली होती. मिस्त्रीने उघडली आणि आत काय काय आहे ते दाखवलं. तू म्हणालास तसंच झालं.

मिस्त्री साठीचा आहे, कमी बोलतो. त्याने आधी गाडीला हातही लावला नाही. समोर दहा पावलांवर उकिडवा बसला आणि बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, ही डाव्या खांद्यावर पिशवी घेतलेल्या माणसासारखी उभी आहे.” मी मोजपट्टीने मोजलं. जमिनीपासून पुढच्या चाकावरच्या कमानीपर्यंत उजवीकडे चौसष्ट सेंटिमीटर, डावीकडे एकसष्ट पूर्णांक दोन. त्याचं वाक्य आणि माझे आकडे जुळले.

मग त्याने केलं ते असं. पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती तीन वेळा डुलली. म्हणजे धक्के जिरवणारे शॉकअप संपले. जॅक लावून डावं चाक उचललं, डावा-उजवा हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवून हलवलं. खट्खट् आवाज आला. म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा सांधा, टाय रॉड एंड, झिजलाय. माझी दोन रिकामी बोटं तिथे हरवत होती. मग हात बारा आणि सहाच्या जागी ठेवून हलवलं. आवाज नाही. त्यामुळे चाकाचा खालचा सांधा, बॉल जॉइंट, ठीक आहे, हे त्याने मला न विचारता सांगितलं, याबद्दल मला तो आवडला. खाली पडून पाहिलं तर डावं चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा, लोअर आर्मचा, रबरी बुश फाटलेला. ब्रेक दाबला की तो आर्म मागे सरकतो आणि चाक डावीकडे बघायला लागतं. कुंड्यांचं कारण हे.

आणि डावी स्प्रिंग तुटलेली आहे. खालचं एक वेटोळं तुटून स्प्रिंग टेकते त्या वाटीत पडलं होतं.

मी त्याला तुझ्या तीन वजनांचं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “ताई, ही गाडी गाडीवाल्याने नाही, किराणा दुकानदाराने सांभाळलीय.” मी म्हटलं, काटेवाल्याने. तो म्हणाला, “मग बरोबर.”

मला हिशेब कळला, मामा. पुढचा डावा कोपरा खाली गेला, म्हणून तू तिरप्या रेषेत समोरच्या कोपऱ्यात, मागे उजवीकडे, भर घातलीस. पारडं खाली गेलं की दुसऱ्या पारड्यात वजन. बॉनेटवर पाणसळही ठेवली असशील. गाडी दिसायला सपाट झाली. तुटलेली स्प्रिंग तुटलेलीच राहिली.

मी ज्या विभागात काम करते तिथे मोडलेले धातूचे तुकडे येतात आणि ते का मोडले ते आम्ही सांगतो. त्यामुळे मला एक ठाऊक आहे: ज्याला काही माहीत नसतं तो वजनं घालत नाही. तुला माहीत होतं. माहीत असताना तू मला त्या गाडीची किल्ली दिलीस आणि ‘हळू जा’ म्हणालास. त्या चौकात कुंड्यांऐवजी कोणी उभं असतं तर मी आज तुला वेगळं पत्र लिहिलं असतं. आणि २८ तारखेला शेजारच्या सीटवर मामी असणार होती.

मला राग आलेला आहे. हे लपवणं मला योग्य वाटत नाही.

काम सुरू केलं आहे. स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीनेच बदलायचे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे. टाय रॉड एंड दोन्ही, बुश दोन्ही.

स्प्रिंग कधी तुटली आणि तू कोणालाच का सांगितलं नाहीस, एवढंच लिही. विनोद नको.

— भाची

*

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस,

पत्र तीनदा वाचलं. विनोद नको म्हणालीस, तर तसंच लिहितो. सवय नाही, सांभाळून घे.

तू म्हणतेस ते सगळं खरं. वजनं घातली की झालं, असं मी स्वतःला पटवलं होतं. निघताना तुला सांगणार होतो. तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा ‘हळू जा’ एवढंच निघालं.

दहा जानेवारी, दुपारी साडेतीन. ती माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढली आणि पडली. मी धावत आत गेलो तर जमिनीवर पडून मलाच म्हणते, “घाबरू नकोस.” उठता येईना. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता, उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. मला वाटलं मुरगळलाय. मी आणि शेजारी, दोघांनी तिला खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचलून गाडीपाशी नेलं, मागच्या सीटवर आडवं केलं.

मी गाडी पळवली. कधी पळवत नाही, तुला माहीत आहे. पुलाअलीकडे गतिरोधक आहे, तो मला दिसलाच नाही. गाडी उडाली आणि आपटली. आणि ‘कड्’ असा आवाज आला. कानातलं यंत्र घाईत घरीच राहिलं होतं, तरी मला ऐकू आला, एवढा मोठा. पाठोपाठ ती ओरडली. काय ओरडली ते कळलं नाही, पण तशी ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलेलं.

फुटपट्टी, पडून मुरगळलेला पाय मी गतिरोधकावर मोडला. तो ‘कड्’ मी ऐकला. तिने मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पाहिलं तर गाडी डावीकडे बसलेली. मिस्त्रीकडे नेली असती तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, “एवढी कुठे आपटली?” त्याचं उत्तर मला मोठ्याने द्यायचं नव्हतं. म्हणून वजनं घातली. तोल सांभाळायचं मला एवढंच येतं.

आता तिला घरी आणायचं त्याच गाडीतून आणि जायचं त्याच पुलावरून. ती म्हणते पुढे बसेन. मी मागे बसून काय करू, ते मला कळत नाही.

तू तिला सांगायचं असेल तर सांग.

— मामा

*

बुधवार, १८ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. दोन दिवस उशिरा उत्तर देते आहे, कारण तीन ठिकाणी जायचं होतं.

पहिलं ठिकाण गॅरेज. जुनी स्प्रिंग मिस्त्रीने भंगाराच्या पिंपात टाकली होती. मी मागितली. तो म्हणाला, “ताई, नवी बसवलीय, जुनीचं काय करणार?” मी म्हटलं, चौकशी. त्याने पिंप आडवं केलं आणि आम्ही दोघांनी मिळून दोन्ही तुकडे शोधले. माझे हात अजून काळे आहेत.

काल सकाळी कारखान्यात ती मोडलेली तोंडं भिंगाखाली पाहिली. नीट लिहिते, कारण हे तुला नीट कळायला हवं. स्प्रिंगची तार गोल आहे. मोडलेल्या तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट तपकिरी आहे, जुन्या गंजाचा. म्हणजे तिथे भेग होती आणि तिच्यात पाणी-चिखल जात होता, महिने नव्हे, वर्षं. उरलेला एक तृतीयांश भाग खडबडीत आहे आणि त्याच्यावर नारिंगी गंजाचा पातळ थर आहे, चार-सहा आठवड्यांचा. तो भाग एका फटक्यात मोडला. दहा जानेवारीला पाच आठवडे होऊन गेले. जुळतं.

तेव्हा तुझ्या गतिरोधकाने चांगली स्प्रिंग मोडली नाही. एक तृतीयांश उरलेली मोडली. ती पुढच्या कुठल्याही खड्ड्यात मोडली असती, कदाचित माझ्या हातात. आणि बोटाएवढी जाड पोलादी तार, ताणाखाली असताना, तुझ्या पायांसमोर मोडली. मी अशा तारा कामावर मोडते. कानात बोळे घालावे लागतात.

मामा, तू ऐकलास तो आवाज स्प्रिंगचा होता.

दुसरं ठिकाण हाडांचे डॉक्टर. मी त्यांना तुझ्या पत्रातलं एकच वाक्य वाचून दाखवलं: पाय बाहेर वळलेला, आखूड दिसत होता, उठता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “हे कुठे पाहिलं त्यांनी?” मी म्हटलं, घरात, जमिनीवर. ते म्हणाले, “मग हाड घरातच मोडलं होतं. मुरगळलेला पाय आखूड होत नाही.” पुढे असंही म्हणाले की गाडीच्या धक्क्याने दुखलं नक्की असेल. तेही लिहिते. दुखलं असेल. मोडलं नाही.

हा पुरावा तुझ्याच पत्रात होता. तू तो लिहिलास आणि वाचला नाहीस.

तिसरं ठिकाण मामी. ती बाल्कनीत वॉकर घेऊन उभी होती, एका हाताने. दुसऱ्या हाताने समोरच्या खाटेवरच्या बाईला पत्ते कसे लावायचे ते सांगत होती. मी विचारलं, गाडीत तू का ओरडलीस? ती म्हणाली, “का म्हणजे? एवढा ढळढळीत गतिरोधक दिसत नाही का म्हणून ओरडले. चार शिव्या दिल्या. त्याला ऐकू गेल्या नाहीत होय? वाया गेल्या.” मग मी तिला सगळं सांगितलं. तू परवानगी दिली होतीस. ती वॉकर सरकवत खुर्चीपाशी आली आणि बसली. मग म्हणाली, “हाड स्टुलापाशीच मोडलं. मला माहीत होतं. मोडलं म्हटलं असतं तर तो तिथेच मटकन बसला असता, मग दोघांना उचलायला शेजारी एकटा. म्हणून म्हटलं, घाबरू नकोस.” नंतर म्हणाली, “महिनाभर हे डोक्यात घेऊन फिरतोय आणि मला पत्रात लिहितोय, कॉटला ठोकळे लावले.” तिने डोळे पुसले आणि पत्ते हातात घेतले. डाव ती जिंकली.

माझा राग गेला आहे. तू न सांगता किल्ली दिलीस ते चूकच होतं. पण एकशे चाळीस किलोमीटर गाडी सरळ आली ती तुझ्या वजनांमुळे, हेही खरं आहे. मिस्त्रीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “कोपरा बरोबर निवडला होता त्यांनी.” तो सहसा कोणाचं कौतुक करत नाही.

आता गाडीची स्थिती. स्प्रिंगा, शॉकअप, टाय रॉड एंड, बुश सगळं नवं आहे. काल संध्याकाळी मी मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन बसले आणि मिस्त्रीने गाडी रोपवाटिकेसमोरच्या गतिरोधकावरून नेली. दोन चमचे पाणी सांडलं. मिस्त्री म्हणाला, “तुमच्या हाताने सांडलं.” हे तपासून पाहता आलेलं नाही. रोपवाटिकेच्या बाई फाटकात येऊन उभ्या होत्या, कुंड्यांसमोर, हात पसरून. त्यांना तुझा नमस्कार सांगितला.

पुढच्या चाकावरची कमान आता डावीकडे चौसष्ट, उजवीकडे चौसष्ट. पाणसळ लावायची असेल तर लाव.

एकच काम राहिलं आहे, अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत बघतात की नाही ते जुळवणं. गुरुवारी, २६ तारखेला वेळ ठरली आहे. मिस्त्रीचं म्हणणं असं की रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट रिकाम्या गाडीलाच उपयोगी. ज्या वजनाने प्रवास करायचा त्या वजनाने करा. मला पटलं. तेव्हा मागे तुझ्याऐवजी मिस्त्रीचा भाऊ बसेल, तो तुझ्याच अंगाचा आहे. ड्रायव्हरच्या जागी मी. आणि पुढच्या डाव्या सीटवर मामीऐवजी तुझी तीन लोखंडी वजनं पट्ट्याने बांधून ठेवणार आहे. दुरुस्तीत त्यांचा खरा उपयोग इथे आहे.

अडचण आकड्याची आहे. मामी म्हणते बावन्न. इथल्या कागदावरही बावन्न आहे, पण पुढे ‘रुग्णाने सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलंय. काट्यावर उभं राहायला सांगितलं की तिचा पाय नेमका तेव्हाच दुखतो. मी तिला रोज उठायला हात देते आणि हे बावन्न नाहीत.

तू तिला खुर्चीसकट उचललं आहेस. अर्धा भार तुझ्या हातात होता, आणि त्या हातांनी चाळीस वर्षं वजनं उचलली आहेत. खुर्ची घरात आहे, तिचं वजन करून वजा कर.

मामीचं खरं वजन किलोमध्ये लिहून पाठव. साठ पुरतात की वर काही ठेवायचं, एवढंच हवं आहे. मंगळवार, २४ तारखेपर्यंत उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

— तुझी फुटपट्टी